नवी रेसलिंग फिगर लाइन काढायची असेल तर

रेसलिंगची फिगर, म्हणजे रेसलरची खेळण्यातली प्रतिकृती, सहसा कुणी एकटी घेत नाही. सुपरहिरो टेबलावर एकटाही शोभतो. रेसलरला मात्र समोर प्रतिस्पर्धी, शेजारी टॅग पार्टनर (जोडीने लढणारा साथीदार) आणि दोघांना पुरेल अशी रिंग लागते. नव्या लाइनचं, म्हणजे फिगर्सच्या नव्या मालिकेचं, बरंवाईट बहुतांशी इथेच ठरतं. घेणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: ही फिगर माझ्याकडच्या फिगर्सशी भिडू शकेल का, आणि हिच्यामागून आणखी कोण येणार? दोन्हींची उत्तरं पहिलं डोकं घडवायला घेण्याआधी कागदावर असली पाहिजेत. शिल्प कितीही सुंदर असलं तरी ती उत्तरं नसतील तर लाइन दुसऱ्या वेव्हपाशी, म्हणजे फिगर्सच्या दुसऱ्या तुकडीपाशी, बसते.

माप आधी, बाकी नंतर

१९८४ ते १९८९ या काळात एलजेएन या खेळणी कंपनीने डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईच्या) साधारण ८ इंची, भरीव रबराच्या, एकही सांधा नसलेल्या फिगर्स विकल्या. १९९० ते १९९४ मध्ये हॅस्ब्रोच्या फिगर्स साडेचार इंचांच्या आसपास होत्या आणि त्यांत स्प्रिंगवर चालणारे डाव होते. पुढे १९९६ ते २००९ जॅक्स पॅसिफिक आणि २०१० पासून मॅटेल. परवाना दुसऱ्या कंपनीकडे गेला की माप किंवा घडण बदलायची, आणि जुने-नवे रेसलर एका रिंगमध्ये विजोड दिसायचे. जॅझवेअर्सने २०२० मध्ये एईडब्ल्यू या रेसलिंग कंपनीची अनरायव्हल्ड लाइन आणली तेव्हा माप साधारण साडेसहा इंच ठेवलं, म्हणजे मॅटेलच्या फिगर्सशेजारी सहज उभं राहील असं. त्या लाइनला पहिल्याच दिवशी ज्या निर्णयांनी हात दिला, त्यांत हा सर्वांत वरचा.

नव्या माणसाने याच्या उलट जाऊ नये. १/१२ हे सोयीचं प्रमाण आहे, कारण १ फुटाचा १ इंच होतो. ६ फूट १० इंचांचा रेसलर साधारण १७.४ सेंटिमीटरचा होईल आणि ५ फूट ४ इंचांचा १३.५ सेंटिमीटरचा. मात्र बाजारातल्या आधुनिक फिगर्स काटेकोर १/१२ पेक्षा थोड्या मोठ्या निघतात. म्हणून नुसत्या गुणोत्तरावर विसंबू नका. ज्या लाइनशेजारी उभं राहायचंय तिच्या सहा-सात फिगर्स विकत आणा आणि व्हर्नियर कॅलिपरने पाच मापं घ्या: उंची, खांद्यांची रुंदी, कमरेचा घेर, मुठीतल्या भोकाचा व्यास आणि मनगटाच्या खुंटीचा व्यास. शेवटची तीन मापं लोक विसरतात. कमरेचा घेर जुळला नाही की दुसऱ्या लाइनचा बेल्ट बसत नाही, मुठीचं भोक जुळलं नाही की माईक आणि खुर्ची हातात राहत नाही.

शरीरांची बँक

खेळण्याचा खरा खर्च साच्यात असतो, प्लास्टिकमध्ये नाही. हिशेब समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. एका संपूर्ण नव्या फिगरच्या साच्यांना ६०,००० लागतात, त्यातले ४८,००० शरीराचे आणि १२,००० डोकं व खास भागांचे. नग ५,००० काढले तर साच्याचा बोजा नगामागे १२. आता तेच शरीर सहा रेसलर्सना वापरलं, प्रत्येकी ५,००० नग, तर शरीराचा बोजा नगामागे १.६ आणि डोक्याचा २.४, एकूण ४. लाइन जगते ती या फरकावर.

पण सगळ्यांना एकच धड दिलं की चाहता लगेच पकडतो. रेम्कोने ८०च्या दशकात काढलेल्या एडब्ल्यूए या रेसलिंग कंपनीच्या फिगर्समध्ये बरीचशी शरीरं सामायिक होती. तेव्हा ते चालून गेलं, आज चालणार नाही. सुरुवातीला पुरुषांची किमान तीन धडं हवीत: सडपातळ, पिळदार आणि पोट असलेलं. महिलांचं एक धड, दुसऱ्या वर्षी आणखी एक. पोटवाल्या धडावर कुणी पैसे वाचवायला बघू नये. जाडजूड रेसलरला सिक्स-पॅक मिळाला की ती फिगर टिंगलीचा विषय होते आणि त्या फिगरचे फोटो तुमच्या जाहिरातीपेक्षा लांब जातात.

उंचीचा फरक पायांत ठेवा. नडगीचे दोन लांबीचे साचे आणि मांडीचे दोन केले की चार उंची मिळतात. पायाचे प्रकार पोशाखावरून ठरतात: उघडी मांडी आणि बूट, पूर्ण लांबीची टाइट्स, सैल पँट. बुटांमध्ये लेसचा साधा बूट आणि किकपॅड लावलेला बूट हे दोन असले तर बरेचसे रेसलर भागतात. गुडघ्याचे आणि कोपराचे पॅड स्वतंत्र मऊ तुकडे करा, सांधा जोडताना चढवता येतील असे. गुडघ्याचा पॅड मांडीच्याच साच्यात कोरला तर ती मांडी पॅड न घालणाऱ्याला कधीच वापरता येणार नाही. हातांच्या चार जोड्या बँकेत हव्यात: मूठ, पकडीचा, पसरलेला आणि बोट दाखवणारा.

सांधे: डावावरून ठरवा, संख्येवरून नाही

खोक्यावर «३० सांधे» छापायचा मोह सगळ्यांना होतो. घेणारा मात्र संध्याकाळी सुप्लेक्स (समोरच्याला उचलून मागे आपटण्याचा डाव) लावून बघतो, आणि तो लागला नाही की संख्येला अर्थ उरत नाही. पहिले नमुने हातात आले की पुढचे डाव लावून बघा:

१. दोन्ही हात डोक्यावर सरळ नेऊन बेल्ट धरता येतो का? बहुतेक वेळा अडवतात ते काखेखालचे रुंद स्नायू. शिल्पात ते अर्धा मिलिमीटर कमी केले तरी सुटतं.
२. हेडलॉकसाठी कोपर ९० अंशांपलीकडे वळतं का? एका बिजागरीचं कोपर साधारण ९० वर थांबतं. दुहेरी बिजागरी जास्त वळते, पण जाड दंडावर विचित्र दिसते. म्हणून सडपातळ हाताला दुहेरी, अवाढव्य हाताला एकेरी, आणि त्यासोबत दंडाला फिरकी.
३. पोटावर झोपवून बॉस्टन क्रॅब लावल्यावर मान वर उचलली जाते का? लांब केसवाला इथे हमखास नापास होतो. केस वेगळ्या, अगदी मऊ पीव्हीसीचे घ्या किंवा मागच्या बाजूने पाठीपासून थोडे उचलून ठेवा.
४. एका पायावर उभं राहून सुपरकिक मारता येते का? त्यासाठी घोट्याला पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे झुकण्याची, अशा दोन्ही हालचाली हव्यात आणि सांधा घट्ट हवा.
५. फिगर-फोर (पायांत पाय अडकवण्याचा डाव) लागतो का? मांडीची आणि नडगीची फिरकी नसेल तर नाही लागत.
६. दुसरी फिगर खांद्यावर घेऊन रात्रभर उभी राहते का?

सहावी चाचणी सगळ्यांत निर्दयी आणि सगळ्यांत उपयोगी. ती गरम खोलीतही करा, कारण पीव्हीसी उष्णतेने मऊ होतं आणि थंड नमुन्यात ठणठणीत वाटलेला घोटा तिथे हळूहळू वाकतो.

कुठे कोणतं प्लास्टिक, हे कारखान्यावर सोडू नका. डोकं, हात आणि कपड्यांचे तुकडे पीव्हीसीचे. धड आणि मांडी एबीएस या कडक प्लास्टिकची, कारण तिला आकार धरून ठेवायचा असतो. खुंट्या आणि बिजागरीच्या पिना पीओएम या प्लास्टिकच्या, कारण ते निसरडं असतं आणि घासून झिजत नाही. पीव्हीसीच्या भागात पीव्हीसीचीच पिन टाकली तर दोन्ही एकमेकांना चिकटतात आणि पहिल्याच पिळात पिन तुटते. दुसरं तुटण्याचं कारण रंग. सांध्याच्या फटीत शिरलेला रंग वाळून गोंदासारखा धरतो. रंगकामाच्या साच्यात सांध्याभोवती मोकळी जागा ठेवायला सांगा, आणि पॅकिंगपूर्वी प्रत्येक सांधा एकदा हलवायची अट ऑर्डरमध्येच लिहा.

चेहरा आणि कातडी

चाहत्याला रेसलरचा चेहरा त्याच्या घरच्यांइतकाच पाठ असतो. थ्री-डी स्कॅन घ्या, पण तो जसाच्या तसा लहान करू नका. सहा इंचांवर नाकाच्या कडा आणि पापण्या बोथट होतात. शिल्पकाराने त्या थोड्या ठळक कराव्या लागतात. स्कॅन करताना एक शांत, एक ओरडतानाचा आणि एक कुत्सित हसण्याचा असे तीन भाव एकाच बैठकीत घ्या. रेसलरची तारीख पुन्हा मिळणं अवघड असतं आणि दुसऱ्या आवृत्तीचं डोकं त्यामुळे फुकट हाती येतं.

डोळे-भुवयांसाठी आता चेहऱ्यावर थेट डिजिटल प्रिंट करतात. ठिपक्यांनी रंग तयार होत असल्याने दाढीचे खुंटसुद्धा खरे वाटतात. बिघडतं ते एकाच जागी: शिल्पातला डोळा आणि छापलेला डोळा एकमेकांवर बसत नाहीत. अर्धा मिलिमीटर सरकलं तरी नजर तिरळी होते. बुबुळ खोल कोरू नका, डोळ्याचा गोल उथळ ठेवा, आणि डोकं प्रिंटरखाली धरणारा जिग (पकडून ठेवणारा साचा) प्रत्येक डोक्यासाठी वेगळा करून घ्या.

कातडीचा रंग प्लास्टिकमध्येच मिसळलेला असावा, वरून मारलेला नाही. वरचा रंग कोपर-गुडघ्याला आठवड्यात उडतो. यातली अडचण अशी की पीव्हीसीचं डोकं आणि एबीएसचं धड एकाच रंगसूत्राने वेगवेगळे दिसतात. दोन्ही पदार्थांचे रंगीत तुकडे दिवसाच्या उजेडात आणि दिव्याखाली शेजारी ठेवून मगच मंजुरी द्या.

टॅटू टॅम्पोने बसतात, म्हणजे सिलिकॉनच्या मऊ ठोकळ्याने शाई उचलून ठसा उमटवतात. दंडाला पूर्ण वेढणारा टॅटू एका ठशात होत नाही. तीन-चार बाजूंनी मारावा लागतो आणि प्रत्येक ठसा म्हणजे वेगळा खर्च. फिरकीच्या सांध्यावरून जाणारा टॅटू हात फिरवला की तुटतो. त्याला इलाज नाही, फक्त तुटण्याची जागा पॅडखाली लपवता येते. टॅटूंच्या हक्काचंही बघा: रेसलर रँडी ऑर्टनच्या टॅटूंवरून अमेरिकेत व्हिडिओ गेमबाबत खटला चालला आणि २०२२ मध्ये ज्युरीने टॅटू काढणाऱ्या कलाकाराच्या बाजूने निकाल दिला. कातडी रेसलरची असली तरी चित्राचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. लेखी परवानगी घ्या.

हक्क आणि रोस्टर

परवाना दोन प्रकारे मिळतो. प्रमोशनकडून, म्हणजे सामने भरवणाऱ्या कंपनीकडून, घेतला तर नावं, लोगो, बेल्ट, रिंग सगळं एकत्र येतं, पण मंजुरीचे टप्पे वाढतात. रेसलर्सकडून एकेकट्याने घेतला तर लवकर होतं, पण रिंगमधलं नाव बऱ्याचदा प्रमोशनच्या मालकीचं असतं, बेल्ट तर असतोच. तोंडी होकारावर साचा कापू नका. करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: नाव कुणाचं, कोणत्या देशांत विक्री, किमान हमी रक्कम किती, आणि करार संपल्यावर उरलेला माल विकायला किती महिने.

कल्पनेपासून फडताळापर्यंत साधारण वर्षभर जातं. तेवढ्यात रेसलर कंपनी सोडतो, हीलचा (खलनायकाचा) फेस (नायक) होतो, केस कापतो, जखमी होऊन घरी बसतो. यावरचा व्यवहारी उपाय म्हणजे प्रत्येक वेव्हला दोन राखीव डोकी तयार ठेवणं. आणि पोशाख «सध्याचा» म्हणून न घेता एका ठरावीक सामन्याचा घ्या. सामना इतिहासात कायम राहतो, त्यामुळे पुढच्या वर्षी पोशाख बदलला तरी फिगर शिळी होत नाही. चाहते ट्रंकच्या रंगावरून सामना ओळखतात. संदर्भासाठी पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, बुटांच्या मागचे आणि मनगटपट्टीचे फोटो गोळा करा. पाठीवरचं अक्षर चुकलेल्या फिगर्स निघाल्या आहेत त्या मागचा फोटोच नसल्यामुळे.

पहिल्या वेव्हचा नमुना म्हणून एईडब्ल्यूची पहिली सहा नावं पाहण्यासारखी आहेत: कोडी, ब्रँडी ऱ्होड्स, केनी ओमेगा, ख्रिस जेरिको, मॅट जॅक्सन आणि निक जॅक्सन. रेसलिंग न पाहणाऱ्यालाही ठाऊक असलेला जेरिको, ज्यांच्यामुळे प्रमोशन उभं राहिलं ते चेहरे, एक महिला, आणि टॅग टीमचे दोन्ही भाऊ एकाच वेळी. टॅग टीम अर्धी विकणं हा या धंद्यातला सर्वांत स्वस्तात टाळता येणारा दोष. दुसरा भाऊ पुढच्या वेव्हमध्ये येणार म्हटलं की लोक पहिलाही घ्यायचा थांबतात. हॅस्ब्रोने डेमॉलिशन, रॉकर्स आणि बुशव्हॅकर्स या टॅग टीम जोडीने एका पॅकमध्ये दिले होते, ते उगाच नाही.

सहापैकी किमान एक नाव असं हवं ज्याची आजवर फिगरच निघालेली नाही. जुना संग्राहक नव्या लाइनकडे वळतो तो बहुतेक त्या एका नावासाठी. आणि समोरासमोर भांडण असलेली एक जोडी हवीच. हील नसलेल्या वेव्हमध्ये लढायचं कुणी कुणाशी?

केसचं, म्हणजे दुकानात जाणाऱ्या मोठ्या खोक्यात कोण किती नग भरायचे याचं, प्रमाण इथेच ठरवून टाका. ८ नगांच्या केसमध्ये सहा रेसलर घालायचे तर दोघांचे दोन-दोन आणि बाकी चौघांचे एक-एक. दोन कुणाचे, यावर वाद होईल. सर्वांत मोठ्या नावाचे दोन ठेवणं सोपं वाटतं, पण त्याची फिगर दुसऱ्या लाइनमध्ये आधीच पाच वेळा निघाली असेल तर तीच दुकानातल्या खुंटीवर लटकत राहते. पेग-वॉर्मर झालेली फिगर फक्त स्वतःचं नुकसान करत नाही. खुंटी अडवून ठेवल्याने दुकानदार पुढची केस मागवतच नाही, आणि दुसरी वेव्ह दुकानात पोहोचत नाही. महिलांना आणि पहिल्यांदाच येणाऱ्यांना शॉर्ट-पॅक करायची (केसमध्ये कमी नग भरायची) जुनी सवय सोडा. मागणी तिथे असते.

चेस, म्हणजे मुद्दाम कमी काढलेली दुर्मीळ आवृत्ती, काढायचा तर रंगबदलाचा काढा. ज्या रेसलरची दुसरी आवृत्तीच नाही त्याला चेस केलं की रोस्टर (रेसलर्सची यादी) पूर्ण करू पाहणारा माणूस चिडतो आणि पुन्हा विकणारे खूश होतात. तुमच्या लाइनला पहिला जास्त लागतो.

रिंग आणि बेल्ट

रिंग पहिल्या वेव्हबरोबर आली नाही तर लाइन अर्धीच. खरी रिंग २० फुटांची धरली तर १/१२ मध्ये २० इंच होते. एवढं खोकं बऱ्याच दुकानांना नको असतं, म्हणून खेळण्यासाठी १४ इंचांच्या आसपासची आणि संग्राहकांसाठी पूर्ण मापाची असे दोन प्रकार करतात. पैसे एकीलाच पुरत असतील तर लहान करा, पण वरचा दोर फिगरच्या छातीपाशी येईल हे जपा. दोर उंच झाला की सगळे रेसलर बुटके दिसतात. दोराला लवचीक इलॅस्टिक आणि बदलण्याची सोय हवी, कारण ते सैल होणारच.

बेल्टचा प्लेट कडक आणि पट्टा मऊ हवा, बंद करायला तीन-चार भोकं. कमरेला बसतो आणि खांद्यावरही पडतो, असा पट्टा मिळेपर्यंत नमुने परत पाठवत राहा. एका केसमध्ये किमान एका फिगरसोबत बेल्ट द्या.

कारखाना, चाचण्या, खोकं

खेळणं म्हणून विकायचं तर अमेरिकेत एएसटीएम एफ९६३ आणि युरोपात ईएन ७१ च्या चाचण्या लागतात. ठरावीक थॅलेट्सची (प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांची) मर्यादा दोन्हीकडे ०.१ टक्के आहे, आणि मऊ पीव्हीसीचे हात-डोकी इथेच अडकतात. अमेरिकेत रंगातल्या शिशाची मर्यादा दशलक्षात ९० भाग आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात बसणारा सुटा भाग चालत नाही. माईक आणि सुटे हात त्यात सहज बसतात, म्हणून वयोमर्यादा आणि इशारा दोन्ही छापा. खोक्यावर «प्रौढ संग्राहकांसाठी» लिहिलं की नियम सुटले असं समजू नका.

खोक्याची एकच गोष्ट महत्त्वाची: पाय सरळ राहिले पाहिजेत. मऊ नडगी वाकवून ट्रेमध्ये कोंबली आणि कंटेनर उन्हात तापला की ती तशीच कायमची होते. घेणाऱ्याने गरम पाण्यात बुडवून सरळ केली तरी काही दिवसांत परत वळते. बाजूच्या कण्यावर नाव आणि क्रमांक छापा. फडताळावर रांगेत लावणाऱ्यांना ते लागतंच.

वेळापत्रक उलटं मोजा. समुद्रमार्गे चार ते सहा आठवडे, साचे कापायला दोन-अडीच महिने, मधल्या मंजुऱ्या त्याहून जास्त. माल चीनमध्ये होणार असेल तर चिनी नववर्षात कारखाना काही आठवडे बंद, आणि सुटीनंतर कामगार बदललेले असतात. सुटीनंतरची पहिली खेप रंगकामासाठी दुप्पट तपासा.

पैसे कमी असतील तर

साडेचार इंची, हॅस्ब्रोच्या धाटणीची रेट्रो लाइन हा लहान उत्पादकाचा खरा मार्ग. सांधे मोजके, भाग कमी, रंगाचे ठसे थोडे, आणि जुन्या संग्राहकाकडे रिंग आधीच आहे. मॅटेलने स्वतः २०१७ मध्ये रेट्रो फिगर्स आणल्या. चेला टॉइज आणि झोंबी सेलर यांच्यासारख्या छोट्या कंपन्याही याच मापात उतरल्या. इथे हॅस्ब्रोच्या काळात राहून गेलेली नावं शोधा. आजच्या चॅम्पियनपेक्षा तेव्हा फिगर न मिळालेला मिड-कार्डर (मधल्या फळीतला रेसलर) जास्त विकला जाऊ शकतो. नग थोडे ठेवा, आधी नोंदणी घ्या, पण नोंदणीचे पैसे साच्यांवर खर्च करून नंतर उत्पादनासाठी दुसऱ्या फिगरची नोंदणी उघडू नका. एक खेप लांबली की दोन्हीकडचे लोक एकदम पैसे परत मागतात.

दुसरी वेव्ह

पहिली दुकानात पोहोचण्याआधी दुसरीचं शिल्प मंजूर झालेलं असावं आणि तिसरीची नावं ठरलेली. पहिली हाती पडत असतानाच दुसरीचे रंगवलेले नमुने दाखवा, नुसती यादी नाही. दुसरीत पहिलीच्या प्रत्येक रेसलरला एक तरी नवा प्रतिस्पर्धी मिळतोय का, हे तपासा. पहिल्या वेव्हमधल्या कुणाला परत आणायचंच असेल तर नवं डोकं आणि वेगळ्या सामन्याचा पोशाख घेऊनच, आणि वेव्हमागे एकापेक्षा जास्त नाही. पहिल्या चार आठवड्यांत कोणती फिगर खुंटीवर उरते याची दुकानवार नोंद ठेवा, आणि दुसरीच्या केसचं प्रमाण छपाईला जाण्याआधी त्या नोंदीप्रमाणे बदला. साचे तेच राहतात, बदलतो फक्त खोक्यात भरण्याचा तक्ता.